शुक्रवारचा हलका प्रश्न

दर शुक्रवारी सकाळी सात वाजता मला एक हलकाफुलका प्रश्न विचारावा लागायचा, आणि त्याची धास्ती मला गुरुवारी दुपारपासूनच लागायची. प्रश्न विचारायचा तो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. हैदराबादच्या हुसेनसागरात शिडाच्या छोट्या होड्या चालवणारे आम्ही पन्नासएक हौशी लोक तिथे आहोत. कुणी डॉक्टर, कुणी दुकानदार, कुणी माझ्यासारखी कचेरीत फायली सरकवणारी. तेलुगू, दखनी, इंग्रजी, सगळ्याची खिचडी. मराठी घरं मोजून तीन.

"होडीत डबा नेता तर त्यात काय नेता?" "तुमची होडी बोलायला लागली तर पहिली तक्रार कुणाची करेल?" असले ते प्रश्न, मोडक्यातोडक्या दखनीत. विचारून झाला की मी फोन पालथा ठेवायची आणि अर्ध्या मिनिटात परत उचलायची. वाचणाऱ्यांची यादी वाढत जायची. वाचतायत सगळे, बोलत कुणीच नाही. लग्नाच्या पंगतीत आपण विनोद करावा आणि सगळ्यांनी खाली ताटात बघावं, तसं वाटायचं. मग कुणीतरी दया येऊन एक हसरा चेहरा टाकायचा, आणि त्या चेहऱ्याचाच मला राग यायचा. आमचे हे चहा पिता पिता विचारायचे, "काय, पेपर सेट झाला का?"

त्या यादीत मी एकच नाव शोधत असायची. काकांचं.

काका म्हणजे बरकतपुऱ्यातले, रेल्वेतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. त्यांचं मूळ गाव परभणीकडे. मी पहिल्यांदा क्लबात गेले तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांची होते, पोहायलाही धड येत नव्हतं. सेक्रेटरीने माझ्याकडे बघून 'ऑनलाइन फॉर्म भरा' म्हणून कटवलं होतं. काका मात्र म्हणाले, "ये गं बाई, भिणारा माणूस चांगली होडी चालवतो. ते येडे लोक भीत नाहीत, ते उलटतात." महिनाभरात त्यांनी मला वाऱ्याकडे पाठ कशी करायची आणि तोंड कसं करायचं ते शिकवलं. ग्रुपवरही रोज सकाळी हवेचा अंदाज त्यांच्याकडूनच यायचा. "आज हवा व्याह्यासारखी आहे, येते म्हणते आणि येत नाही." त्यावर तासभर सगळे एकमेकांची टर उडवत बसायचे. ग्रुप चालायचा तो त्यांच्या जिवावर.

तेच काका तीन महिन्यांपासून गप्प होते, आणि ते माझ्यामुळे गप्प होते. हे मला एकटीला माहीत होतं.

झालं ते असं. होडीच्या पाठीमागे, तळाशी, अंगठ्याएवढं एक भोक असतं. होडी काठावर ओढून घेतली की त्याचं बूच काढायचं, आत साचलेलं पाणी वाहून जाऊ द्यायचं आणि बूच परत घट्ट पिळायचं. बूच हा शब्दसुद्धा काकांनीच ग्रुपमधल्या सगळ्या तेलुगू मंडळींच्या तोंडी बसवलेला. आमच्या क्लबात एक रिवाज आहे. शेवटी जो होडी वापरतो त्याने बूच लावल्यावर सुकाणूच्या दांडीला लाल पट्टी बांधायची. पट्टी दिसली की दुसऱ्या दिवशी येणाऱ्याने समजायचं, बूच लागलेलं आहे. वाकून बघायचं कारण नाही. एवढा एकमेकांवर भरवसा.

त्या शनिवारी संध्याकाळी होडी मी नेली होती. बूच काढलं, पाणी जाईपर्यंत लाइफ जॅकेटच्या खिशात टाकलं. तेवढ्यात कचेरीतून साहेबांचा फोन आला. बोलता बोलता मी हाताच्या सवयीने लाल पट्टी बांधली आणि जॅकेट वाळवायला म्हणून घरी घेऊन आले.

रविवारी सकाळी काकांनी ती होडी नेली. मी धक्क्यावर उभी होते, हात हलवला त्यांना. तलावाच्या मध्यावर होडी जड झाली, कलली आणि शांतपणे उलटी झाली. वाचवणारी मोटरबोट पोचेपर्यंत ते पालथ्या होडीला धरून होते. काठावर आणलं तेव्हा त्यांचे दात वाजत होते. सेक्रेटरीने विचारलं, "पट्टी होती?" काका म्हणाले, "होती. मीच सोडली." मग सेक्रेटरी माझ्याकडे वळला. "मॅडम, काल बूच लावलं होतं ना?"

"हो," मी म्हणाले. खोटं नव्हते बोलत. देवाशपथ, मला तसंच वाटत होतं.

मग सगळ्यांनी मिळून हिशेब लावला, की सकाळी काकांनीच पाणी बघायला बूच काढलं असणार आणि परत लावायचं विसरले असणार. "वय झालं अंकलचं," कुणीतरी हळू बोललं, पण काकांना ऐकू जाईल इतकंच हळू. काका माझ्याकडे बघत म्हणाले, "मी काढलं का गं? असेल. मीच काढलं असेल."

घरी येऊन जॅकेट हातात घेतलं तर खिशात बूच. तेव्हाच फोन करायला हवा होता. नाही केला. आधी म्हटलं, संध्याकाळी करू. मग म्हटलं, माणूस सुखरूप आहे, आता कशाला. मग आठवडा गेला, आणि आठवड्यानंतर सांगायचं म्हणजे आठवडाभर का नाही सांगितलं तेही सांगायला लागणार. गेल्या वर्षी एकाने निष्काळजीपणाने दोरी सोडली म्हणून त्याला क्लबातून काढलं होतं. मला तेही दिसत होतं. आयुष्यात स्वयंपाक आणि कचेरी सोडून माझं स्वतःचं असं ते एवढंच होतं, आणि ते जपायला मी एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर आळ राहू दिला. स्वतःला शिव्या देऊन झाल्या, पण तोंड उघडलं नाही.

काका यायचे बंद झाले. हवेचे अंदाज बंद झाले. ग्रुपवर नुसते फुलांचे फोटो यायला लागले. सेक्रेटरीने मला गाठलं. म्हणाला, तुम्ही बोलक्या आहात, आठवड्याला एक मजेदार प्रश्न टाका, ग्रुप मरायला लागलाय. मी नाही म्हणू शकले नाही. म्हणजे ज्या माणसाला मी गप्प केलं, त्याच्या जागेवर बसून मी लोकांना हसवायला लागले. काका माझा प्रत्येक प्रश्न वाचायचे. उत्तर एकदाही नाही.

त्या शुक्रवारी मला उठायला उशीर झाला. कढईत पोहे, हातात फोन, सात वाजून गेलेले. मागे एकदा मी धक्क्यावरून डब्यासकट पाण्यात पडले होते, ते आठवलं आणि काही विचार न करता टाकून दिलं, "पाण्यावर तुम्ही केलेला सगळ्यात मोठा येडेपणा कोणता?"

आणि ग्रुप पेटला. इतके आठवडे खांबासारखे गप्प बसलेले लोक, एकापाठोपाठ एक. एक डॉक्टर दहा मिनिटं जीव खाऊन वल्ही मारत होता, होडी हलेना, मग दिसलं की मागची दोरी धक्क्यालाच बांधलेली. एकाने बायकोला दाखवायला म्हणून ऐटीत दुसऱ्याचीच होडी नेली होती. "हौ मियां, वो मेरी थी!" असं लगेच त्या दुसऱ्याचं उत्तर. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

तेवढ्यात वर दिसलं, काका काहीतरी लिहितायत.

मग मला कळलं मी काय विचारून बसले होते. प्रश्न पुसावा म्हणून बोट नेलं, पण त्याखाली वीस उत्तरं लागलेली. आता पुसून काय उपयोग होता? काकांचं लिहिणं थांबायचं, परत सुरू व्हायचं. पोहे करपल्याचा वास आला तरी मला गॅस बंद करायचं सुचलं नाही.

शेवटी आलं. "मेरा येडापन तो सबकू मालूम है. बूच खोल्या, लगाना भूल गया. तब से घर में गैस के पास जाने नै देते. स्कूटर की चाबी बेटे के पास. सोमवार कू दिमाग के डॉक्टर के पास पेशी है. पूछे तो बोलूंगा, साहब, बूच ढूंढ रहा हूं."

खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. "अंकल इज बॅक!" "वाह काका!" सगळे खूश. मी ओट्याला टेकून तेच परत परत वाचत राहिले.

ह्यांनी येऊन गॅस बंद केला. "काय झालं? कामून अशी उभी आहेस?" मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आणि आता ग्रुपवरच लिहिणार म्हणून. ह्यांनी खुर्ची ओढून मला बसवलं. मग म्हणाले, "त्यांना एकट्याला फोन कर ना. ग्रुपवर कशाला लिहायलीस?"

"त्यांचं नाव ग्रुपवर गेलं, आणि माझं झाकून ठेवायचं?" मी एकदम ओरडलेच. राग ह्यांच्यावर नव्हता.

लिहायला बसले. आधी मोठी प्रस्तावना लिहिली, साहेबांचा फोन, घाईगडबड, माझी मनःस्थिती. वाचून पाहिलं तर नुसती सारवासारव. सगळं खोडलं. मग एवढंच राहिलं, "बूच काकांनी काढलं नव्हतं. ते शनिवारपासून माझ्या जॅकेटच्या खिशात होतं. ते न लावताच मी लाल पट्टी बांधली होती. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, तरी मी तीन महिने बोलले नाही. काका काहीही विसरले नव्हते."

पाठवलं.

वाचणाऱ्यांची यादी भराभर वाढली. एक हसरा चेहरा नाही, अंगठा नाही, काही नाही. सेक्रेटरी लिहायला लागला आणि थांबला. आता मला क्लबातून काढतील, याची मी वाट बघत होते, आणि काकांपेक्षा मला त्याचीच काळजी जास्त होती, याची मला लाज वाटली.

फोन वाजला. काका.

"तू लिहिलं ते खरं आहे का?" ना हॅलो, ना काही.

"हो काका."

"खिशातच होतं? तुझ्याच?"

"हो."

"मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना बोलायलीस?"

"नाही काका. खरंच माझ्या खिशात होतं. माझी चूक आहे, मला माफ..."

"थांब." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "पट्टी होती म्हणजे. मी म्हणलं होतं ना, पट्टी होती?"

"म्हणाला होतात तुम्ही. होती पट्टी."

मग त्यांचा आवाज चढला. "तीन महिने! तुला काय माहीत आहे का मी काय करायलो तीन महिने? सकाळी डोळे उघडले की आधी घरातल्या सगळ्यांची नावं म्हणून बघतो. लेकाचं, सुनेचं, नातवंडांचं. सगळी आली की मग पलंगावरून उतरतो." ते थांबले. पुढचं बोलताना आवाज अगदी खाली आला. "गेल्या महिन्यात एक दिवस धाकट्या नातीचं नाव आलंच नाही. किती वेळ आलं नाही. न्हाणीत नळ सोडून रडलो मी. ते बी... ते बी ह्या भीतीनंच झालं असंल ना गं? ते बी तुझ्यामुळंच ना?"

ते मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं.

"हो काका," मी म्हणाले. "तेही माझ्यामुळेच."