करड्या हॅटचा रिकामा डबा

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. पोलिसांच्या नोकरीत मी कायम याद्या करत असे: दिवसाच्या कामांच्या, साक्षीदारांच्या, मुद्देमालाच्या. सहकारी त्यावरून चेष्टा करत. या प्रकरणात माझी चूक झाली ती एका यादीमुळेच, म्हणून ते सगळं पाठ आहे.

कोथरूडमध्ये तेव्हा बंगले पाडून सोसायट्या उभ्या राहत होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर सायबर कॅफे निघत होते आणि प्रत्येक जिन्यात निदान एक मुलगा अमेरिकेला गेलेला होता. अशाच एका सोसायटीतले निवृत्त इंजिनीअर एका सकाळी ठाण्यात आले. त्यांना पुरुषांच्या जुन्या हॅट जमवण्याचा छंद होता. नुसत्या हॅट नव्हेत, प्रत्येक हॅट तिच्या मूळ डब्यासकट. कॅम्पातल्या जुन्या दुकानांचे गोल पुठ्ठ्याचे डबे, झाकणावर दुकानाचं नाव. त्यातली एक करडी, काळ्या फितीची फेल्ट हॅट नाहीशी झाली होती. डबा जागेवर होता. उचलताच तो हलका लागला, म्हणून न उघडताच ते ठाण्यात आले होते.

"टोपी शेवटची कधी पाहिलीत?" आमच्या हवालदारांनी विचारलं.

"टोपी नाही, हॅट. टोपी तुम्ही घातली आहे."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. पुढची तक्रार मी लिहून घेतली.

दुपारी घरी जाऊन पंचनामा केला. कपाटात डबे ओळीनं लावलेले, प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी. तक्रारदारांनी एक वही पुढे ठेवली. क्रमांक, रंग, दुकान, माप, डब्याची अवस्था, कुठून मिळाली, असे सहा रकाने. अक्षर छापल्यासारखं. खरं सांगतो, ती वही पाहून मला चोरीचा विसर पडला. इतकी नेटकी यादी ठेवणारा माणूस चुकणार नाही, हे मी तिथेच मनात धरून टाकलं. त्यांच्या पत्नीनं चहा आणून ठेवला आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. रिकामा डबा उघडताना मी लिहून घेतलं, 'डब्याची नाडी गाठ मारून बांधलेली. आतील पातळ कागद घडी घालून ठेवलेला.' लिहिलं आणि पुढे गेलो.

चौथ्या दिवशी खबर आली. जुन्या बाजारात पितळी दिवे आणि बंद पडलेली घड्याळं विकणारा एक जण आम्हाला अधूनमधून माहिती देत असे. तो म्हणाला, "साहेब, येरवड्याचा एक माणूस दोन रविवार हॅटचा खोका मागतोय. नुसता खोका. हॅट म्हणे घरात आहे."

एकीकडे हॅटशिवाय डबा, दुसरीकडे डब्याशिवाय हॅट. मला तपास संपल्यासारखाच वाटला.

तो माणूस एका सरकारी कार्यालयात लिपिक होता. वय पंचेचाळीसच्या आसपास. बौद्ध कुटुंब, दोन खोल्यांचं स्वच्छ घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, घरात म्हातारी आई. ट्रंकेतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली हॅट निघाली. करडी, काळी फीत, आत रिकाम्या डब्यावरच्याच दुकानाचा छाप. त्या दुकानानं आयुष्यात एकच करडी हॅट विकली असेल का, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. पंचांच्या सह्या घेतल्या आणि भर गल्लीतून त्याला चालवत जीपपर्यंत आणलं. माणसं दारांत येऊन उभी होती.

ठाण्यात चौकशी मीच केली. मी त्याला 'अरे-तुरे' करत होतो, हेही इथे लिहिलं पाहिजे.

"ही वस्तू तुझ्या घरात आली कुठून?"

"वडिलांच्या डोक्यावरून."

"नीट उत्तर दे."

"नीटच देतोय साहेब. वडील कॅम्पात एका गोऱ्या साहेबाकडे कामाला होते. तो विलायतेला परत जाताना त्यांना देऊन गेला. हल्ली तिला कसर लागायला लागली, म्हणून डबा शोधत होतो."

"काही कागद आहे?"

"साहेब, तुमच्या वडिलांच्या चपलांचा कागद आहे तुमच्याकडे?"

हवालदार खुर्चीवरून उठले. मी त्यांना हातानं खाली बसवलं. तो उर्मट नव्हता. तो हळू आवाजात म्हणाला, "अटक केलीत तर दोन दिवसांत माझं निलंबन होईल. सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित, हा नियम आपल्याला माहीत आहे. वीस वर्षांची नोकरी आहे, एक मेमो नाही. उद्यापासून ऑफिसात मला चोर म्हणतील आणि नंतर निर्दोष सुटलो तरी म्हणतीलच."

नियम मला माहीत होता. संध्याकाळपर्यंत अटक दाखवायची की नाही, हे मला ठरवायचं होतं. मी तक्रारदारांना ओळख पटवायला बोलावलं.

ते रिकामा डबा घेऊनच आले. हॅट डब्यात ठेवली, ती बरोबर बसली. "हीच," ते म्हणाले. आतल्या चामडी पट्टीवरचा मापाचा आकडा पुसला होता, पण त्यानं त्यांचं काही अडलं नाही. "माझ्या मापाची आहे. वहीत लिहिलंय, मी स्वतः घालून पाहिलेली." आणि ते दाखवायला त्यांनी ती डोक्यावर चढवली. हॅट कपाळाच्या वरच अडकली. त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिली.

"आवळली असेल. यांनी ट्रंकेत कोंबली ना."

थोड्या दिवसांत एवढी? पहिल्यांदा मला त्या वहीचा संशय आला. मी तक्रारदारांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं, दार लावलं आणि समोरच्या माणसाला विचारलं, "या हॅटविषयी असं काही सांगा, जे बाहेर बसलेल्यांना माहीत असणं शक्य नाही."

मी 'सांगा' म्हणालो, हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो सरळ बसला.

"वडिलांचं डोकं लहान होतं. साहेबाची हॅट त्यांच्या कानांवर यायची. दीक्षेला नागपूरला निघाले तेव्हा हीच घालून जायचं ठरवलं त्यांनी. आदल्या दिवशी आईनं आतल्या चामड्याच्या पट्टीमागे कागद भरला. तो अजून तिथेच असेल."

त्याचं म्हणणं मी आधी लिहून घेतलं, त्याची सही घेतली, मग पंच बोलावले आणि पट्टी उचलली. आत वर्तमानपत्राच्या घड्या होत्या, पिवळ्या, मोडू लागलेल्या. त्यांच्यामध्ये एक पोस्टकार्ड दुमडून घातलेलं. पत्त्याच्या जागी त्याच्या वडिलांचं पूर्ण नाव आणि खाली 'येरवडा'. कार्डाला त्यांच्या कपाळाची गोलाई आली होती.

हवालदार खोलीतून बाहेर गेले आणि चहा घेऊन आले. पहिला कप त्यांनी त्याच्यासमोर ठेवला.

मग तक्रारदारांची हॅट कुठे होती? मी माझाच पंचनामा काढून वाचला. नाडी गाठ मारून बांधलेली, कागद घडी घातलेला. चोर हॅट नेईल, पण जाताना डबा पुन्हा नीट बांधून ठेवत बसणार नाही. डबा बांधणारा हात घरातला होता. हे माझ्याच अक्षरात चार दिवस माझ्या टेबलावर पडून होतं.

तक्रारदारांना घेऊन तासाभरात आम्ही कोथरूडला होतो. या वेळी मी बाईंना विचारलं. त्यांनी पदरानं हात पुसले आणि सांगितलं, "गणपतीत सोसायटीचं नाटक होतं. त्यात एक साहेब होता. मी दिली हॅट."

"मला न विचारता?" तक्रारदार म्हणाले.

"तुम्हाला विचारलं असतं तर नाटकाला दिली असतीत?"

नाटकाचं सामान सोसायटीच्या खोलीत कुलपात होतं आणि किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी बंगळूरला मुलीकडे गेलेले, तिला तिथे कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली होती. ते आले की हॅट गुपचूप जागेवर ठेवायची, असं बाईंनी ठरवलं होतं.

"अहो, पण आम्ही आलो तेव्हा तरी सांगायचं. एक माणूस सकाळपासून ठाण्यात बसलाय."

त्यांचे डोळे भरले. "ते मला माहीत नव्हतं हो. आणि माझं चुकलंच. पण तुम्ही दीड तास घरात होतात. मला विचारलंत काय, तर साखर किती."

सेक्रेटरींच्या शेजाऱ्यांकडे दुसरी किल्ली निघाली. हॅट दाढी-मिशांच्या पेटीत सापडली. तक्रारदारांनी ती हातात घेतली. मग म्हणाले, "मला त्या गृहस्थांची क्षमा मागायची आहे." ते ठाण्यात आले आणि त्यांनी ती मागितली. त्या माणसानं हात जोडले. गुन्हा घडलाच नव्हता, असा अहवाल मी कोर्टाला पाठवला.

या प्रकरणानं मला शिकवलं ते साधं आहे. यादीत मालकाला जेवढं ठाऊक असतं तेवढंच येतं. घरात जो पुसतो, झाडतो, बांधतो, त्याला जास्त ठाऊक असतं आणि त्याला कुणी विचारत नाही. पुढे प्रत्येक तपासात मी चहा आणून देणाऱ्या माणसाचाही जबाब घेतला. आणि ज्याच्या घरात वस्तू असेल, त्याला तिच्याविषयी आधी बोलू दिलं. येरवड्याच्या त्या माणसाच्या जागी कोथरूडचे कुणी गृहस्थ असते, तर मी पहिल्याच प्रश्नाला 'तू' म्हणालो असतो का? याचं उत्तर मला माहीत आहे आणि ते मला आवडत नाही.

त्या संध्याकाळी मी येरवड्याच्या त्या गृहस्थांना घरी सोडायला निघालो, तेव्हा ते टेबलाशीच थांबले.

"साहेब, एक कागद द्या. हॅट माझी आहे असा. उद्या दुसरे साहेब आले तर दाखवायला."

असा दाखला देण्याची तरतूद कुठेच नव्हती. मी कोरा कागद घेतला आणि लिहिला. सवयीनं ओळ अशी उतरली, 'अर्जदाराच्या घरात मिळून आलेली करड्या रंगाची हॅट'. सही-शिक्का करून दिला. लिपिकाच्या नजरेनं त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि माझ्यापुढे परत ठेवला.

"'मिळून आलेली' एवढं काढा, साहेब. ती हरवली नव्हती. ती घरातच होती."

मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहायला घेतला.