शेवटच्या हाताचं कापड

काळ्या गाडीला पॉलिश करून बघितल्याशिवाय कुणी स्वतःला कारागीर म्हणवून घेऊ नये, असं माझं अजूनही मत आहे. पांढऱ्या गाडीवर कुणीही हात फिरवतो आणि मिशीला पीळ देतो. काळा रंग मात्र सगळं उघडं पाडतो. सावलीत गाडी आरशासारखी दिसते, आणि उन्हात आणली की बॉनेटभर बारीक रेघांचं जाळं. त्या रेघा धुळीच्या नसतात, आपल्याच हाताच्या असतात. नेमकी काळी गाडीच माझ्या नशिबी आली, आणि ती मी स्वतःच्या पैशाने घेतली, त्यामुळे कुणाला दोषही देता येईना.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास मी पिंपरीला एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये लागलो. तिथे आमचे उस्ताद होते, उत्तरेकडचे, दाढी पिकलेले, आणि तोंडाचे अतिशय फाटके. पॉलिशचं कापड निवडायचं ते डोळे मिटून आणि गालाला लावून, ही त्यांची रीत. टेबलावर दहा प्रकारची कापडं टाकायचे आणि म्हणायचे, "आंख बंद कर. आंख रंग देखती है, गाल कंकर पकडता है." डोळे उघडे दिसले की डोक्यात टपली. सहा महिन्यांत माझा गाल इतका तयार झाला, की कापड नवं आहे की धुतलेलं, त्यात गाठ कुठे आहे, हे मी अंधारात सांगत असे. या विद्येचा मला फार गर्व होता.

लग्न झालं आणि आम्ही कासारवाडीला दोन खोल्या घेतल्या. बायको औषधांच्या एका कंपनीत बाटल्यांवर लेबलं लावायच्या खात्यात होती. माहेर तिचं चाकणकडचं. घरमालकीण गावातली जुनी शेतकरीण, गोठ्यात दोन म्हशी, बोलणं खणखणीत. सगळं ठीक चाललं होतं, फक्त मूल नव्हतं. दोनदा आशा लागली आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्यातच संपली. दुसऱ्या वेळेनंतर आम्ही तो विषय बोलायचं सोडून दिलं. बोललो नाही म्हणून तो घरातून गेला नाही. रोज आमच्याबरोबर जेवायला बसायचा.

मग मी गाडी घेतली. पुण्यातल्या एका म्हाताऱ्या वकिलाची, पंधरा-सोळा वर्षं वापरलेली, अंगावर खडूसारखी पांढुरकी पूड चढलेली. इंजिन आमच्या कंपनीतल्या दोघांनी चार गुरुवारी बसून चालू केलं. पिंपरीत तेव्हा कारखान्यांची सुटी गुरुवारची, त्यामुळे आमचे सगळे उद्योग गुरुवारीच. गाडी गोठ्याच्या पलीकडे कडुनिंबाखाली उभी असे. घरमालकीण शेणाचे हात कमरेवर ठेवून म्हणाली, "व्हय वं, पोर न्हाई म्हून गाडीलाच न्हाऊ घालताय का काय?"

ती वाईट बाई नव्हती. तोंडाला येईल ते बोलायची आणि संध्याकाळी ताक पाठवायची. मी हसलो. आत बायको भाकरी थापत होती, तिचा हात क्षणभर थांबलेला मला ऐकू आला. आणि खरं सांगायचं तर म्हातारी चुकीचं काय बोलली? त्या गाडीत माझा जो जीव अडकला होता, तो दुसऱ्या कुणासाठी साठवलेला होता.

रंग ठीक करायचा म्हणजे वरचा मेलेला थर झिजवायचा आणि खालचा जिवंत रंग वर आणायचा. त्याला कंपाउंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट लागते, मेण लागतं, आणि मुख्य म्हणजे पॅड लागतं. कंपनीत मशीन होतं, मशीनवर चढवायची लोकरीची टोपी होती. घरी हात. कंपनीतून काही आणावं म्हटलं तर गेटवर झडती. तेव्हा मी माझी पॅडं स्वतः बांधली. आत कापसाचा गोळा, वरून कापड, मागे सुतळीने आवळून मुठीत बसेल अशी गाठ. प्रश्न एवढाच, की वरचं कापड कोणतं?

पहिल्यांदा घरमालकिणीकडून फाटक्या घोंगडीचा तुकडा मागून घेतला. त्याने पांढुरकी पूड सपाट्याने निघाली, पण रंगावर अशा रेघा उठल्या की उस्तादांनी बघितलं असतं तर गाडीखालीच घातलं असतं मला. मग मांजरपाट. घोंगडीच्या रेघा गेल्या, मांजरपाटाच्या राहिल्या. मग फ्लॅनेल विकत आणलं. नव्या फ्लॅनेलचे तंतू मेणात अडकतात, ते वेचता वेचता एक गुरुवार गेला. मग माझे जुने बनियन. तिथे जरा जमलं. यात चूक अशी कुठेच नव्हती. कडक पॅड ओरखडा काढतं आणि आपला एक बारीक ओरखडा ठेवून जातं. त्याच्या मागून मऊ पॅड, त्याच्या मागून आणखी मऊ. प्रत्येकाने आधीच्याचं निस्तरायचं. शेवटच्या हाताला असं कापड पाहिजे, ज्याचं स्वतःचं काहीच मागे राहणार नाही. तेवढं एक कापड मला मिळत नव्हतं. बनियनपर्यंत आलो होतो आणि उन्हात अजून जाळं दिसत होतं.

महिना असाच गेला. बायको त्या महिन्यात जरा गप्प होती, पण माझं लक्ष बॉनेटवर. एका गुरुवारी सकाळी ती म्हणाली, "मी खडकीला ताईकडे जाऊन येते. दुपारपर्यंत येईन." मी बरं म्हणालो. ती स्टेशनकडे गेली आणि मी घरात कापड शोधायला लागलो.

पलंगपोस बघितला, उशीचे अभ्रे बघितले, एक धोतरही बघितलं. शेवटी तिची ट्रंक उघडली. लग्न झाल्यापासून तिच्या ट्रंकेत मी कधी हात घातला नव्हता. त्या दिवशी घातला, आणि तोही डोळे मिटून. सवयच तशी. एकेक कापड वर काढायचं, गालाला लावायचं, बाजूला ठेवायचं. लग्नातला शालू खरखरीत. चोळीचे खण खरखरीत. अगदी तळाशी, वर्तमानपत्राच्या खाली हात गेला आणि माझ्या गालाला जे लागलं ते कापड आहे हेच आधी कळेना. इतकं मऊ होतं. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन त्याच्यातला सगळा करकरीतपणा निघून गेला होता. डोळे उघडले तर जुन्या लुगड्याचा तुकडा, अडीच-तीन हातांचा, रंग विटून गेलेला, लाल काठाचा. जुनेर. कुणीही म्हटलं असतं की पोतेऱ्याच्या लायकीचं.

मी कात्री घेतली. काठाचं सूत जाड असतं, ते रंगाला ओरखडतं, म्हणून दोन्ही काठ कापून खाली टाकले. तुकड्याचे दोन भाग केले. एक भाग बाजेवर ठेवला, दुसऱ्याची दोन पॅडं बांधली. थोडं मेण घेतलं आणि बॉनेटवर हात फिरवायला लागलो.

काय सांगू! हातालाच कळलं. तासाभराने गाडी उन्हात ढकलली आणि बघितलं तर जाळं नव्हतं. वर कडुनिंब होता तसाच बॉनेटमध्ये होता, पान न् पान. मी एकटाच मोठ्याने हसलो. घरमालकीण येऊन बॉनेटमध्ये आपलं तोंड बघून गेली आणि म्हणाली, "आता कुंकू लावाया काचंचा आरसा नगं."

तेवढ्यात बायको आली. फाटकातून येतानाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, मी ते लग्नानंतर दोनदाच बघितलं होतं. मी म्हणालो, "इकडे ये, बघ तर खरं." ती आली. पण बॉनेटपर्यंत पोचायच्या आधी तिची नजर जमिनीवर गेली. कापलेले लाल काठ धुळीत पडले होते.

तिने वाकून ते उचलले. झटकले. दोन्ही एकावर एक ठेवून बोटाला गुंडाळले.

"ट्रंकेतून काढलंत?" तिने विचारलं.

मी उत्साहाने सांगायला लागलो. किती मऊ आहे, उस्तादांनासुद्धा असं कापड मिळालं नसतं, वगैरे. मी आतून नुसता खुशीत होतो. तिने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "माझ्या मोठ्या मामीचं लुगडं होतं. तिची सातच्या सात लेकरं जगली. आमच्याकडे बाळाला पहिलं कापड नवं घालत नाहीत. अशा बाईचं जुनं घालतात. मी गेल्या साली मामीकडून मागून आणलं होतं. तिची चार लुगडी होती, गालाला लावून लावून त्यातलं हे निवडलं."

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगून बघितलं की तुम्हाला." ती म्हणाली. "तिसऱ्यांदा म्हटलं, डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हाच सांगू. आज खडकीला त्यांच्याकडेच गेले होते."

माझ्या हातात पॅड होतं, त्याच्यावर काळं मेण. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पॅडं माझ्या हातातून घेतली, सुतळी सोडली आणि मोरीत नेऊन सोड्याने, रिठ्याने, मग नुसत्या गरम पाण्याने धुतली. काळं निघालं नाही. रंगाचं काळं कापडातून निघत नाही हे मला कंपनीत पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तरी मी तिला थांब म्हणालो नाही. बाजेवरचा उरलेला अर्धा तुकडा तिने घडी करून पुन्हा ट्रंकेच्या तळाशी ठेवला.

तिसऱ्या महिन्यात ते मूलही राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, की यात कुणाची चूक नसते. मी मान हलवली. मलाही कळत होतं, कापडाचा आणि त्याचा काही संबंध नाही. कळतं आजही. पण इतकी वर्षं झाली, उन्हात चकाकणारी काळी गाडी दिसली की मला ते धुळीतले लाल काठ दिसतात. तिने मात्र त्या दिवसाचा शब्द पुन्हा काढला नाही. गाडीतून आम्ही देहूला गेलो, चाकणला गेलो, ती माझ्या शेजारी बसून खिडकीतून बघत असे. पुढे पुन्हा आशा लागली नाही. मी ते जाळं नसलेलं बॉनेट परत कधी पॉलिश केलं नाही. हळूहळू पांढुरकं होऊ दिलं, आणि ऐंशीच्या आसपास गाडी विकून टाकली.

त्यानंतर वर्षा-दोन वर्षांत घरमालकिणीच्या सुनेला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं होतं. मी बाहेर पुरुषांत बसलो होतो. म्हातारी बाळ घेऊन थेट माझ्यापुढे आली. आता ती वाकली होती, पण आवाज तोच. "घ्या की वो. गाडीवानी जड न्हाई."

मला बाळ धरता येत नव्हतं. कुठे हात लावावा कळेना, म्हणून मी त्याला उचलून खांद्याशी घेतलं आणि त्याचं अंग माझ्या गालाला लागलं. डोळे आपोआप मिटले. आणि गालाने ओळखलं. तेच कापड होतं. अर्ध्या तुकड्याचं झबलं, बिनकाठाचं, हातशिलाईचं. तिने कधी शिवलं, कधी नेऊन दिलं, मला पत्ता नव्हता.

मी डोळे उघडले नाहीत. सभोवती बायका हसत होत्या, कुणीतरी पेढे वाटत होतं. मिटलेल्या डोळ्यांआड ते मूल कुणाचं हे दिसत नव्हतं. मला फक्त मऊ लागत होतं, आणि त्याचा श्वास कानाशी येत होता.

मग शेजारी बांगड्या वाजल्या. बायको होती. तिने माझ्या दंडाला हात लावला, जरा वेळ तसाच राहू दिला आणि मग दोन्ही हात पुढे केले.

"द्या आता," ती म्हणाली. "त्याची आई वाट बघतेय."