मामाच्या मयताला वाकडी मान

आमच्या गाडीचा सनव्हायझर मी घरीच दुरुस्त केला आणि त्याच सकाळी थोरला मामा गेला. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण नातेवाइकांत आता एक गोष्ट सांगितली की दुसरी निघतेच.

व्हायझर म्हणजे ड्रायव्हरसमोरची, ऊन अडवायची फळी. आमची प्रत्येक खड्ड्याला डोळ्यांपुढे येऊन पडायची. (अलिबागच्या रस्त्यावर म्हणजे सततच.) गॅरेजवाला म्हणाला, नवीन टाका. पण आम्हा रेवदंडेकरांत नवीन टाकायची रीत नाही. होड्यांच्या फायबरला लावतात त्या रेझिननेच आम्ही टाकी, बादली, खुर्ची, सगळं सांधतो. शेजारच्या हरेशकडून वाटीभर आणलं, ते घट्ट करणारा हार्डनर मिसळला, बिजागरीत भरलं. उरलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून स्क्रूंवरही थापलं. फळी वर राहावी म्हणून खालून झाडूचा दांडा लावला.

तेवढ्यात मामेभावाचा फोन आला. मामा पहाटे गेला होता. "दुपारी न्हेनार हायत. आत्याला घेऊन ये."

आई रडली नाही. चपला घालून थेट गाडीत बसली. "मला भावाचं तोंड बघायचंय. चल."

"आई, ते अजून वाळलं नाही..."

"काढ तो दांडा."

काढला. फळी सावकाश उतरली आणि माझ्या नाकासमोर थांबली. उन्हात रेझिन लवकर धरतं. साळावचा पूल ओलांडेपर्यंत तिचा दगड झाला होता. मी हनुवटी स्टेअरिंगला टेकवून, मान आईकडे कलती करून गाडी चालवू लागलो.

"नीट बस."

"नीट बसलं की रस्ता दिसत नाही."

"मग स्क्रू काढ."

"स्क्रूवर पण लावलंय."

"कशाला?"

"उरलं होतं."

आई खिडकीबाहेर बघू लागली.

आगरदांड्याला फेरीबोट नशिबाने मिळाली. बोटीवर मी फळीला दोन्ही हातांनी हिसका दिला. फळी तिथेच राहिली, छताचं कापड मात्र फाटून माझ्या डोक्यावर पदरासारखं आलं. "ऱ्हाऊ दे आता," आई म्हणाली.

पोचलो तेव्हा मामा अजून अंगणात होता. पांढरं वस्त्र, उशाशी मेणबत्त्या. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मग कुठे तिला रडू फुटलं. माझाही जीव भांड्यात पडला. पण गाडीतून उतरल्यावर माझी मान काही सरळ होईना.

"बिचाऱ्याची मान वर व्हत न्हाय," कुणीतरी म्हणालं. "लई जीव होता मामावर."

जीव खरंच होता. गाडी चालवायला त्यानेच शिकवलं होतं. त्यामुळे नाही म्हणवेना. लोकांनी मला खुर्ची दिली, पाणी पाजलं. शेवटी मामीच मामाजवळून उठून माझ्याकडे आली. सकाळपासून तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "असा खचू नको रे बाबा." जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"खचला न्हाय गं तो," आई रडता रडता म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं. 'उरलं होतं'सकट.

मामीने तोंडाला पदर लावला. खांदे हलले. ती हसत होती. "ह्यांचाच भाचा," ती म्हणाली. "ह्यांनी टाकी सांधली, तवापासून तिचं झाकन उघडत न्हाय." आणि बोलता बोलता ती ओक्साबोक्शी रडू लागली.

अंगणातल्या लोकांनी एवढंच पाहिलं, की भाच्याचं दुःख बघून मामीला पाझर फुटला. मी खुलासा केला नाही. त्यासाठी मान वर करावी लागली असती.