उलट्या कांड्या

नर्सरीत काकांचा एक नियम होता. कलमाची कांडी खालून तिरकी कापायची, वरून सरळ. म्हणजे कोणती बाजू मातीत जायची यात घोळ नाही. हे ते इतक्यांदा सांगत, की रोपं भरणाऱ्या बायका त्यांना पाठीमागे 'तिरके काका' म्हणत. काकांना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

वहिनींच्या घराची मागची भिंत पाडायची ठरली, तेव्हा तिच्यालगतचा अडुळसाही जाणार होता. काकांच्या थोरल्या भावाने लावलेला. भाऊ आता नव्हता.

"भाऊजी, एक तरी रोप जगवा. त्यांच्या हातचं तेवढंच उरलंय."

"अडुळसा ना? डाव्या हातचा मळ आहे, वहिनी."

त्या दिवशी गवंडी खोळंबलेले, नर्सरीत गाडी भरायची राहिलेली. काकांनी भराभर फांद्या तोडल्या, पानं ओरबाडली आणि दोन्ही टोकं सरळच कापली. इतक्या वर्षांची नजर, आपल्याला कळेलच. मग मुळं फुटायच्या पावडरीत टोकं बुडवून कांड्या ओल्या वाळूत खोचल्या.

कांड्या काळ्या पडल्या, तेव्हा त्यांनी एक उपटून पाहिली. डोळे खाली तोंड करून होते. पावडर शेंड्याला लागली होती. सगळ्यांची तीच गत. तोवर जुन्या झाडाच्या जागी नवा पाया भरून झाला होता.

वहिनी अधूनमधून डोकावत. "आलं का काही?"

"वेळ घेतंय," म्हणत काका भलत्याच वाफ्याला पाणी घालू लागत.

"अहो, आपल्यातलाच एक द्या," रोपं भरणारी एक बाई म्हणाली. "अडुळशाच्या तोंडावर नाव लिहिलंय थोडंच?"

काकांनी दिला. वहिनींनी पानांवरून हात फिरवला. "अगदी तसंच पान. गुण आहे हो तुमच्या हाताला."

काकांनी सांगायला तोंड उघडलं आणि खोकलाच आला.

"थांबा, वाढू दे. पहिला काढा तुम्हालाच."

तो त्यांना प्यावा लागला. कडू होता, तरी वहिनी समोर होत्या म्हणून कप रिकामा केला.

पुढल्या वर्षी वहिनी कुंडी घेऊन आल्या. "दोघी मुलींना बाबांचं झाड हवंय. करून द्या."

वहिनी स्टुलावर बसून कौतुकाने बघत राहिल्या. काका प्रत्येक फांदीचे डोळे निरखून पाहत, खालून तिरका काप देत, वरून सरळ. सांगायचं तर आत्ताच, असं प्रत्येक कापाला त्यांना वाटत होतं.

या वेळी एकही कांडी वाया गेली नाही.