रीनाने आईवर लिहिलेल्या दहा ओळी

आरमोरीच्या मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातला लच्छू नागपूरला कॉलेजात असताना एकदा वर्गात उभा राहून 'हिम इज माय ब्रदर' म्हणाला होता. नागपूरची पोरं मग वर्षभर त्याला 'हिम' म्हणूनच हाका मारत होती. तो घाव जिव्हारी लागला. पुढे तो धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका निवासी शाळेत इंग्रजीचा मास्तर झाला, आणि सर्वनामाची चूक म्हटली की त्याच्या कपाळाची शीर उठू लागली. मराठीतला 'मी' उचलून 'मी गो टू स्कूल' लिहिणारी पोरं त्याच्या हातून सुटत नसत.

नववीतली रीना गोंडाची पोर. बोलायची कमी, पण अक्षर असं की फळ्यावर तारीख लिहायचा मान तिचाच. जानेवारीत त्याने 'माझी आई' या विषयावर दहा ओळी लिहायला दिल्या. रीनाने लिहिलं, माय मदर इज नीलाबाई. इट गोज टू फॉरेस्ट. इट गिव्ह्ज मी फूड फर्स्ट. दहातल्या आठ ओळींत आई 'इट' होती.

लच्छूने ती वही वर्गात मोठ्याने वाचली. चूक सगळ्यांच्या ध्यानात राहावी, एवढाच त्याचा हेतू होता. पण वाचता वाचता त्याच्या तोंडून निघून गेलं, "काऊन वं, तुही माय का बकरी हाये?" वर्ग खदखदून हसला. तोही हसला. रीना खाली मान घालून उभी होती.

महाशिवरात्रीच्या सुट्टीला गेलेली रीना परतलीच नाही. तीन आठवडे वाट पाहून लच्छू वही घेऊन तिच्या गावी गेला.

नीलाबाई अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिने खाट टाकली, पाणी दिलं. रीना मावशीसोबत तेलंगणात मिरची तोडायला गेली होती. आता शिकायचं नाही, एवढंच जाताना आईला म्हणाली होती.

"गुरुजी, तुमी तिचं लिवलेलं साऱ्या वर्गाले वाचून दावलं म्हने," नीलाबाई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. "आमच्या घरात असं कोनाचं झालं नाई. मले वाचून दावा न."

लच्छूने वही उघडली. ओळ वाचायची, मग मराठीत सांगायची, असं चाललं. ती जंगलात जाते. ती मला आधी जेवू घालते. नीलाबाईने पदर डोळ्यांना लावला. मग शब्दांखालच्या लाल रेघांवर बोट ठेवून विचारलं, हे लाल काऊन केलं?

त्याने चूक समजावून सांगितली. इंग्रजीत बाईला एक शब्द असतो, वस्तूला, जनावराला दुसरा.

"आमच्या गोंडीत दोघाईले एकच," नीलाबाई म्हणाली. "गड्याले 'ओर'. बाईले 'अद', गायीले 'अद', झाडालेबी 'अद'. तिनं घरचंच लिवलं, गुरुजी."

पंधरा वर्षं तो या पोरांना शिकवत होता. त्यांच्या घरात आईला काय म्हणतात, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

मग त्याने सगळं सांगितलं. बकरी म्हणालो, पोरं हसली, मीही हसलो. नीलाबाईचे हात मोहफुलांवर थांबले.

"तिनं मले हसल्याचं नाई सांगतलं," ती म्हणाली, आणि उठून घरात गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

मावशीचा नंबर त्याने शेजाऱ्याकडून मिळवला. चार दिवसांनी फोन लागला. त्याने रीनाची माफी मागितली. तिची चूक नव्हती, आपलीच होती, असं त्याने दोनदा सांगितलं.

"मायले तर नाई सांगतलं न, सर?" तिने विचारलं.

पलीकडे कोणीतरी तेलुगूत हाक मारली आणि फोन बंद झाला. नंतर तो नंबर लागला नाही.

जूनमध्ये दहावीचा पट करताना रीनाचं नाव वगळलं गेलं. तिची वही त्याने शाळेत जमा केली नाही, स्वतःकडेच ठेवली.