दहा बेडकांची उजळणी

मी एका बेडकाला शंभरापर्यंत मराठी आकडे बोलायला शिकवले आणि त्यापायी आमच्या घरात पंधरा दिवस आकडे सोडून कोणी दुसरं काही धड बोललं नाही.

बेडूक कंप्युटरमधला. (खरा असता तर एवढा त्रास दिला नसता.) मी मालेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. मागे आम्हा शिक्षकांना ठोकळ्यांच्या भाषेचं प्रशिक्षण दिलं. म्हणजे असं, की पडद्यावर रंगीत ठोकळे असतात, ते एकाखाली एक अडकवायचे आणि मग पडद्यावरचा बेडूक तुम्ही सांगाल तसं वागतो. 'दहा पावलं चाल' म्हटलं की चालतो, 'उडी मार' म्हटलं की मारतो. त्यात 'बोल' नावाचाही एक ठोकळा होता. मी त्यात इंग्रजीत 'हॅलो' लिहिलं. बेडूक छान बोलला. मग मराठीत 'नमस्कार' लिहिलं. बेडकानं तोंड उघडलं, मिटलं. आवाज नाही! पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. घरी मी काही काम सांगितलं की आमचे हे अगदी असंच करतात.

"सर, हा मराठी बोलत नाही," मी उभी राहून म्हणाले.

आमचे मार्गदर्शक देवळे सर हसले. "मॅडम, त्यात मराठी आवाजाची सोयच नाही. पुढच्या व्हर्जनमध्ये येईल. तोवर वाट बघा."

"वाट बघायला मी काय एसटी स्टँडवर उभी आहे?"

सगळे हसले. आता लोक हसले, तेवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण टाळ्या मिळाल्या की माझी जीभ थांबत नाही. "पुढच्या महिन्यातल्या तालुक्याच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनात हा बेडूक मराठीत एक ते शंभर बोलून दाखवेल. लिहून घ्या माझं नाव!"

त्यांनी लिहून घेतलं.

हट्टामागे कारण होतं. माझी पोरं 'एकोणसाठ' ऐकलं की बिनधास्त एकोणसत्तर लिहितात. त्यांचाही दोष नाही. कानावर 'साठ' पडतं, हात आधी सहा काढतो. मला असा बेडूक हवा होता, की आकडा दाबला की तो नाव सांगेल, दहा वेळा दाबला तर दहा वेळा सांगेल, आणि माझ्यासारखा वैतागणार नाही.

पहिली युक्ती मी लगेच काढली. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचे आणि बेडकाला फसवायचं! बेडूक फसला. पण त्रेसष्टला तो "ट्रे सॅश्ट" म्हणाला आणि पंचावन्नला "पॅन्च वॉन". दोन दिवसांत माझा अख्खा वर्ग विलायतेहून आल्यासारखा उजळणी म्हणायला लागला. एका पोराची आई शाळेत आली. "बाई, पोरगं घरी ट्रे-ट्रे करून राह्यलं. त्याले काय झालं?" ती युक्ती मी त्याच दिवशी पुसली.

दुसरी युक्ती हुशारीची होती. (माझ्या मते.) आवाज आपणच नोंदवायचे, पण शंभर कशाला? एक ते नऊ नोंदवायचे, दहा-वीस-तीस नोंदवायचे आणि जोडायचे. वीस-एक, वीस-दोन, सत्तर-तीन. घरी बसून मी ते जुळवलं आणि मोठ्या अभिमानानं सासूबाईंना ऐकवलं. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आमच्या घरचा भाजीपाला आहे, आणि आत्याबाईंनी तीस वर्षं बाजारात बसून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकल्या आहेत. शाळेत त्या गेल्या नाहीत, पण जुडी मोजण्यात त्यांना कोणी फसवलेलं नाही.

बेडूक म्हणाला, "वीस... एक."

"वीस एक काय?" आत्याबाई म्हणाल्या.

"एकवीस, आत्याबाई."

"मंग एकवीस काहून नाई म्हनत थो?"

"त्याला जागा कमी लागते ना. सोपं पडतं."

"कोनाले सोपं पडते? तुले का लेकरायले?" त्यांनी मिरच्या निवडणं थांबवलं. "उद्या कोनी माह्यापाशी येऊन सत्तर-तीन जुड्या दे म्हनन, तं मी त्याले सत्तर देईन, अन् मंग इचारीन का तीन कायच्या पाह्यजे. त्र्याहत्तरले त्र्याहत्तर म्हनाची लाज वाटते काय वं तुमाले?"

लाज वाटली. ती युक्तीही पुसली. पूर्ण शंभर आवाज नोंदवायचं ठरलं.

तर तिथं नवं संकट! त्या भाषेत एका पात्राला फक्त दहा आवाज देता येतात. अकरावा टाकला की घेतच नाही. देवळे सरांना फोन केला. ते म्हणाले, "मग दहापर्यंतच करा मॅडम, पहिलीला चालेल." ह्या वाक्यानं माझं डोकं फिरलं. मी फोन ठेवला आणि बेडूक वाढवले. एकामागे एक, एकदम चिकटून, दहा बेडूक! समोरून बघणाऱ्याला एकच दिसायचा. एक ते दहा पहिला बोलणार, अकरा ते वीस दुसरा, असं करत शेवटचा शंभराला. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी भाजीत दोनदा मीठ पडलं.

रविवारी दुपारी नोंदणी सुरू केली. तिसापर्यंत मी बोलले आणि माझा घसा बसला. मग ह्यांना बसवलं. हे भाजीच्या हर्राशीत, म्हणजे लिलावात, रोज उभे राहतात, त्यामुळे ह्यांना आकडा साधा म्हणताच येत नाही. "एक्केचाळीस! एक्केचाळीस! बोला, एक्केचाळीस!"

"अहो, नुसतं एकदा म्हणा. हर्रास नाही ही."

"एकदा म्हनलं तं कोनी आयकत नाई," हे म्हणाले आणि पन्नासाला पोचताच वावरात पाणी द्यायला पळाले.

उरल्या आत्याबाई. त्या ओट्यावर बसल्या, पदर नीट केला, आणि फोटो काढायचा असल्यासारख्या कंप्युटरकडे बघून बोलायला लागल्या. खरं सांगते, आवाज खणखणीत! पुढचे दोन दात नसल्यानं 'त्रेपन्न'सारख्या 'त्र'वाल्या आकड्यांना बारीक शिट्टी वाजली, तेवढंच. साठाला मात्र अडल्या, कारण त्यांचा बाजारातला हिशेब विसाविसाचा.

"तीन इसा."

"साठ म्हणा, आत्याबाई."

"एकच हाय ना!"

"आहे. पण बेडकाला साठ म्हणायचंय."

"त्याले दोन्ही येऊ दे ना मंग," त्या म्हणाल्या. अर्धा तास वाद झाला. शेवटी साठ म्हणाल्या, पण माझ्यावर उपकार केल्यासारखं. संध्याकाळ व्हायच्या आत नव्व्याण्णवपर्यंत पोचलो. मग त्यांनी जोरात 'शंभर' म्हटलं, आणि कंप्युटर म्हणाला, जागा नाही.

इथं एखाद्या शहाण्या बाईला शंका आली असती. दहा बेडूक, प्रत्येकी दहा जागा, शंभर आकडे, तर मग जागा का संपली? मी गणित शिकवते. मला शंका आली नाही! मी म्हटलं, जाऊ दे, शंभर कोण दाबतंय! तपासून बघताना मी पहिले तीसच ऐकले, कारण त्यात माझा आवाज होता आणि तो मला फार आवडला.

प्रदर्शन मालेगावला एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. मी लॅपटॉप घेऊन गेले. आत्याबाई स्वतःचा आवाज ऐकायचा म्हणून नवं लुगडं नेसून एसटीनं आल्या आणि माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून बसल्या. गटशिक्षणाधिकारी साहेब आले, मागे देवळे सर. साहेबांनी सात दाबलं. सात आलं. पंचवीस दाबलं, आलं. एक्केचाळीसला ह्यांनी हॉलभर हर्रास मांडली, ते साहेबांना आवडलं. मी देवळे सरांकडे बघत होते. बघा म्हटलं, वाट न बघता काय होतं ते!

देवळे सर पुढं झाले आणि त्यांनी एकोणसाठ दाबलं.

बेडकानं तोंड उघडलं. "अवं बकरी शिरली वं! सांबार खाऊन राह्यली ना सारा! हाकल तिले! पाह्यतं काय, हाकल!"

हॉल असा हसला, की शेजारच्या टेबलावरचा मातीचा ज्वालामुखी कलंडला.

रविवारी अठ्ठावन्न आणि एकोणसाठच्या मध्ये खरंच बकरी आली होती. मीच उठून हाकलली होती. नोंदणी बंद करायची राहून गेली होती.

साहेबांनी डोळे पुसत साठ दाबलं. बेडूक म्हणाला, "एकोणसाठ." एकसष्ट दाबलं, "साठ." बकरीनं एक जागा खाल्ली होती आणि पुढचं सगळं एकेक घर मागं सरकलं होतं!

"मॅडम," देवळे सर गोड आवाजात म्हणाले, "म्हणून मी म्हणत होतो, वाट बघा."

माझे कान तापले. बकरीचा आवाज पुसावा, तर मधलाच आवाज पुसायची सोय त्या भाषेत नव्हती. पुसायचं तर शेवटापासून उलटं पुसत यायचं. म्हणजे आत्याबाईंची सगळी मेहनत पाण्यात! त्या शेजारी बसून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, नाही. एकही आवाज पुसणार नाही.

"दोन मिनिटं थांबा साहेब."

घाईघाईनं ठोकळे चाळले आणि हवा तो सापडला. 'जर'चा. जर आकडा अठ्ठावन्नपेक्षा मोठा असेल, तर त्यात एक मिळव आणि मग बोल. बस्स! बकरी आपल्या जागी राहिली, तिच्या दारावर कोणी जाणारच नाही अशी व्यवस्था झाली.

"आता दाबा."

साहेबांनी एकोणसाठ दाबलं. "एकोणसाठ." साठ दाबलं. "साठ." त्र्याहत्तर, शिट्टीसकट, त्र्याहत्तर! माझ्या पाठीवर घामाचा ओघळ आणि तोंडावर हसू. आता मी देवळे सरांकडे बघायला मोकळी झाले.

त्यांनी शंभर दाबलं.

शंभरात एक मिळवल्यावर अकरावा बेडूक लागतो. अकरावा बेडूक नव्हताच. पडद्यावरच्या बेडकानं तोंड उघडलं आणि मिटलं.

"शंभर!" शेजारच्या खुर्चीतून आवाज आला.

साहेब दचकले. देवळे सरांनी पुन्हा दाबलं.

"शंभर!" आत्याबाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या.

"मॅडम, हा आवाज कंप्युटरचा नाही," देवळे सर म्हणाले.

"मंग काय बकरीचा हाय?" आत्याबाई उभ्या राहिल्या. "पन्नासाच्या वरचे सारे माह्येच हायेत. एक आतून आला नाई तं भायेरून देऊन राह्यली. तुमाले शंभर आयकाचं हाय का भांडाचं हाय?"

साहेबांनी मग स्वतः तीन वेळा शंभर दाबलं. मला वाटतं, फक्त आत्याबाईंना ऐकायला.

बक्षीस ज्वालामुखीला मिळालं. (कलंडूनसुद्धा!) पण बेडूक आता रोज माझ्या वर्गात असतो. बकरीची गोष्ट सांगितल्यापासून पोरं एकोणसाठ चुकत नाहीत. पाच आणि नऊ लिहितात, शेजारी बकरीची शेपटी काढतात. शेपटीचे मी गुण कापत नाही. देवळे सरांनी पुढं दोनदा विचारलं, "ते बकरीवालं काढून टाकलं का मॅडम?" दोन्ही वेळा मी सांगितलं, नाही, आणि काढणारही नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी निघता निघता साहेब पुन्हा माझ्या टेबलापाशी आले होते. म्हणाले, "मॅडम, मराठी आकड्यांसाठी एवढं कोणी भांडत नाही. बाकीच्या शाळांना हे दाखवायला तुम्हाला बोलवायचंय. मोबाईल नंबर सांगा." त्यांनी पेन काढला. आत्याबाई कौतुकानं बघत होत्या. मी ताठ उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "नाईन, एट, डबल टू..."

देवळे सर खोकले. मी जीभ चावली, उरलेले आकडे मराठीत सांगायला लागले, आणि मला माझाच नंबर आठवेना!