शांतवन सरांच्या कपाटातली डिस्क

शांतवन सर गेले, हे त्यांच्या मुलीनं, रूथनं, मला फोनवर सांगितलं तेव्हा मी माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात एका बाईंचा सातबारा छापत होतो. प्रिंटरमधून कागद अर्धाच बाहेर आला होता. मी "कधी?" म्हणालो आणि तो कागद पुरता बाहेर येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिलो... सकाळी चहा घेता घेता गेले म्हणे. ब्याऐंशी वर्षांचे होते. फोन ठेवता ठेवता रूथ म्हणाली, "प्रकाशदादा, पप्पांनी तुमच्यासाठी एक वस्तू काढून ठेवलीये. आईच्या स्वप्नांची डिस्क. आमचं सगळं आटोपलं की येऊन घेऊन जा." मी बरं म्हणालो. त्या डिस्कवर काकूंचं एकही स्वप्न नव्हतं, हे जगात फक्त मला ठाऊक होतं, आणि अकरा वर्षं मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

श्रीरामपुरात माझ्या वयाच्या कितीतरी जणांना सरांनी गणित शिकवलं. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. फळ्यावर उदाहरण सोडवताना मध्येच थांबून खिडकीबाहेर बघायचे. आम्हाला वाटायचं, सर अडले. पुढं कधीतरी मी विचारलं तर म्हणाले, "अडतोय कशाला? पटांगणात लिंबाखाली ऊन हलायचं रे, ते बघायचो." असा माणूस निवृत्तीनंतर लोकांची स्वप्नं गोळा करायला लागला याचं मला फारसं नवल वाटलं नाही. सुरुवात घरातच झाली. त्यांच्या पत्नी, एस्तेरकाकू, रोज सकाळी चहाबरोबर रात्रीचं स्वप्न सांगायच्या. सर वर्षानुवर्षं नुसतं ऐकत आले होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी शाळेत जायचं नव्हतं, तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदा कागदावर उतरवलं. मग दूधवाल्याचं उतरवलं, मग पोस्टातल्या बाईंचं. हळूहळू गावाला सवय झाली. सर समोरून आले की माणसं आपण होऊन सायकल थांबवायची.

एकदा माझ्या दुकानाबाहेर त्यांनी एका ट्रॅक्टरवाल्याला गाठलं होतं. हवेत कारखान्याच्या मळीचा तो गोडसर, जड वास होता, आणि तो गडी पायरीवर बसून सांगत होता, "ऊस भरून निघालो सर. रस्ता काय सरंना, फॅक्टरी काय येईना. मधीच आमची म्हातारी चूल मांडून बसलेली. म्हनली, उसाचं ऱ्हाऊ दे, आदी तू काट्यावर चढ."

"किती भरलं वजन?" सरांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

"तेवढ्यात बायकूनं उठिवलं ना!"

"तिला सांग, उद्यापासून जरा उशिरा उठवत जा."

मलाही विचारायचे. मला स्वप्नं पडत नाहीत, असं मी सांगायचो. "पडतात रे पक्या. तू डोळे उघडल्या उघडल्या मोबाईल बघतोस, ती घाबरून पळतात."

हे सगळं कागदांवर वाढत गेलं तेव्हा मीच त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला, मराठी टाइप करायला शिकवलं. दोन बोटांनी, फळ्यावर लिहावं तसं सावकाश ते टाइप करायचे, आणि टाइप झालेला कागद रद्दीत टाकायचे. डी ड्राईव्हमध्ये मी त्यांना एक फोल्डर करून दिलं आणि बजावलं, "सर, जे काही लिहाल ते इथंच ठेवत जा." सरांनी मान डोलावली. पुढं एकदा फॉन्ट बदलावा लागला, जुनी पानं नव्या फॉन्टमध्ये आणताना अक्षरांचा पार चिवडा झाला, तेव्हा महिनाभर संध्याकाळी आम्ही दोघं शेजारी बसून ओळ न् ओळ ताडून पाहिली. आतून काकू ओरडायच्या, "माझी स्वप्नं त्या पोराला काय वाचायला देताय? लाज वाटते मला!" आणि थोड्या वेळानं बाहेर येऊन, पदराला हात पुसत, आमच्या मागं उभ्या राहून स्वतःच वाचायला लागायच्या.

काकू गेल्यावर दोन वर्षांनी ते मशीन बंद पडलं. सर रिक्षातून, कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन आले. "पक्या, हा उठेना बघ." मी चालू केलं. काळा पडदा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात एक ओळ, सिस्टीम सापडत नाही. आतून डिस्कचा टक्... टक्... असा आवाज. मी म्हणालो, "ठेवून जा, संध्याकाळी बघू."

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मशीनला उठवणारी जी माहिती असते ती डिस्कच्या एका ठरावीक कोपऱ्यात असते. तेवढा कोपरा खराब झाला तरी मशीन उठत नाही, पण बाकीचं सगळं जिथल्या तिथं असू शकतं... झोपलेल्या घरासारखं. अशा वेळी ती डिस्क काढायची, दुसऱ्या चालू मशीनला जोडायची आणि आधी जेवढं वाचता येईल तेवढं काढून घ्यायचं. हे मला येत होतं. मी लोकांना शिकवायचो. पण आमच्या धंद्याला एक सवय लागलेली आहे. मशीन उठत नाही म्हटलं की फॉरमॅट मारायचा, म्हणजे डिस्कचा सिस्टीम असलेला भाग, सी ड्राईव्ह, पुसून टाकायचा आणि त्यावर नवी सिस्टीम घालायची. तासाभरात काम होतं. प्रवेशाचे दिवस होते, दुकानात फॉर्म भरायला रांग लागली होती. सरांचं सगळं डी मध्ये आहे, फोल्डर मीच तर करून दिलंय, असं मनाशी म्हणत मी फॉरमॅट मारला. एक फोन करायला हवा होता. केला नाही.

नवी सिस्टीम छान उठली. मी डी ड्राईव्ह उघडला. माझं फोल्डर होतं. आत एकच फाईल होती, मी चाचणीसाठी केलेली. तिच्यात लिहिलं होतं, 'नमस्कार सर.' बाकी काही नाही. सर इतकी वर्षं सगळं डेस्कटॉपवर ठेवत आले होते, चालू केलं की समोर दिसावं म्हणून. आणि डेस्कटॉपवरचं सगळं असतं सी मध्ये, जो मी नुकताच पुसला होता.

आता जे लिहितोय ते लिहिताना हात थांबतो. त्या क्षणी, वर आणखी काही लिहिलं जायच्या आत, मशीन बंद केलं असतं, तरी पुसलेल्यातलं बरंच परत मिळालं असतं. नावं गेली असती, तारखा गेल्या असत्या, तुकडे मिळाले असते, पण मिळालं असतं. त्याला आठवडा लागला असता, आणि सरांना सांगावं लागलं असतं की सर, चुकून मी पुसलं. मला ते एक वाक्य जमलं नाही. संध्याकाळी सर आले तेव्हा मी म्हणालो, "डिस्क क्रॅश झालीये सर. तुम्ही आणलीत तेव्हाच गेलेली होती."

सर काउंटरला धरून उभे राहिले. "गेली म्हणजे... कुठं गेली?" मग अगदी हळू, "एस्तेरची पण?"

"हो सर."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तू तरी काय करणार मग."

दुसऱ्या दिवशी ते डिस्क मागायला आले. पुण्यात कुणीतरी अशा डिस्का उघडून बघतात म्हणे. ती डिस्क तिथं उघडली असती तर कालच फॉरमॅट मारलाय हे पहिल्या पाच मिनिटांत कळलं असतं. मी आत गेलो आणि मेलेल्या डिस्कांच्या खोक्यातून तशीच दिसणारी एक उचलून आणून त्यांच्या हातात दिली. कुणाची होती, आठवत नाही. सरांनी खिशातून काकूंचा रुमाल काढला, कोपऱ्यात जांभळं फूल भरलेला, आणि त्यात ती गुंडाळली. एसटीनं पुण्याला गेले. परत आल्यावर थकलेले होते, पण नाराज नव्हते. "आतल्या तबकडीवर पार चरे पडलेत म्हणाले. आज नाही जमत. पण पुढंमागं काहीतरी निघेल, शास्त्र काय थांबतंय का?" खरी डिस्क मी माझ्याच दुकानातल्या फॉर्म भरायच्या मशीनला लावली. ती वर्षभर चालली. एकेका फॉर्मखाली काकूंचं एकेक स्वप्न दबत गेलं, आणि मग तीही भंगारात गेली.

त्यानंतर सरांनी कुणाचं स्वप्न लिहिलं नाही. रस्त्यात माणसं थांबायची, सर नुसतं ऐकून पुढं जायचे. दर दोन-तीन महिन्यांनी दुकानात यायचे, खुर्चीत बसायचे, बाहेरच्या उन्हाकडे बघत राहायचे आणि उठताना विचारायचे, "काही नवीन निघालं का रे, पक्या?" मी म्हणायचो, "अजून नाही, सर." नाताळात करंज्यांचा डबा पाठवायचे, रूथला सांगून, की पक्यानं आपल्यासाठी खूप खटपट केली. त्या करंज्या मी खात होतो. हेही लिहिलं पाहिजे.

महिन्याभरानं रूथकडे गेलो. ती नगरला शिक्षिका आहे, घर आवरायला सुट्टी काढून आली होती. दुपारची वेळ. सरांच्या खोलीत पडदा ओढलेला, त्यातून पिवळसर उजेड झिरपत होता, सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. तिनं कपाट उघडून ती गुंडाळी माझ्यापुढं ठेवली. रुमाल इतका मऊ झाला होता की फूल पुसट झालं होतं. "कधीकधी हातात घेऊन बसायचे," ती म्हणाली. "तुम्हालाच द्यायला सांगितलंय. म्हणाले, पक्या जपेल."

मी सांगितलं. पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत, मान खाली घालून. माझं संपलं तेव्हा बाहेर कुणीतरी हातपंप हापसत होतं.

"तुम्ही त्यांना पुण्याला जाऊ दिलंत," ती म्हणाली.

"हो."

"एसटीनं. गुडघे दुखत असताना."

"हो."

"ते होते तेव्हा तोंडाला काय कुलूप लावलं होतं? आणि आता मला सांगून काय मिळालं तुम्हाला?"

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा ती मागून म्हणाली, "थांबा. तुम्ही वाचली होती ना ती? आईची? एखादं तरी आठवतंय का?"

मी उंबऱ्याशी उभा राहिलो आणि शोधायला लागलो. अंधारात हात फिरवावा तसं. बरीचशी नुसती टोकं हाताला लागत होती... एक घोडा, कुणाचीतरी हिरवी छत्री, रेल्वेच्या डब्यात वाळत घातलेल्या कुरडया. मग एक सलग मिळालं. मी म्हणालो, "एक आहे. त्यात तू आहेस." रूथनं सरांच्या टेबलावरचं पेन घेतलं, कागद ओढला. मी सांगत गेलो, काकू सांगायच्या तसंच.

कालव्याला पाणी सुटलंय आणि ते आपल्या घरात येतंय, पण फरशी ओली होत नाही. रूथ पाच वर्षांची आहे. त्या पाण्यात पाय सोडून खाटेवर बसलीये, पोहे खातीये. मी दारातून तिला म्हणते, अगं, बाहेर ये, बुडशील. तर ती माझ्याकडे बघून हसते, म्हणते, आई, मी बाहेरच आहे, तूच आत आहेस. मग मी खाली बघते तर माझ्या हातात...

मी थांबलो. रूथचं पेन कागदावर टेकलेलं होतं. डोळे वर न करता ती म्हणाली, "हातात काय?"

काहीतरी होतं. काय होतं ते आठवेना. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं, कंदील, चप्पल, तिचाच फ्रॉक. तिला कळलं नसतं, आणि तिला ते हवं होतं.

"पुढचं मला आठवत नाही, रूथ," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि आठवलं होतं तेवढं लिहून घेतलं.